कार्ल बेडेकर: लेखक की नुसता प्रकाशक?

कागदकिडा

जुन्या प्रवासपुस्तकांच्या धाग्यावर बेडेकर या जर्मन प्रवास-मार्गदर्शकांचं नाव सारखं येतंय. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा. प्रश्न एवढाच की कार्ल बेडेकरला लेखक म्हणायचं, की दुसऱ्याचं पुस्तक नीट विकणारा प्रकाशक? माझं मत सुरुवातीलाच सांगतो: लेखक. आधी चरित्र.

जन्म ३ नोव्हेंबर १८०१, एसेन. घराणं पिढीजात छापखानेवाल्यांचं. पूर्वज डीडरिश बीलेफेल्डला मुद्रक होते, आणि वडील गॉटशाल्क डीडरिश यांचा एसेनमध्ये छापखाना आणि पुस्तकांचं दुकान. दहा भावंडांत कार्ल थोरला. १८१७ मध्ये हायडेलबर्गला शिकायला गेला आणि तिथेच मोर यांच्या पुस्तकपेढीत उमेदवारी केली. मग लष्करी सेवा, मग १८२३ ते १८२५ बर्लिनला गेओर्ग आंद्रेआस राइमर या बड्या प्रकाशकाकडे नोकरी. १८२७ मध्ये त्याने कोब्लेन्झला स्वतःची पेढी थाटली.

जागा अचूक निवडली होती. कोब्लेन्झ म्हणजे ऱ्हाइन आणि मोझेल या नद्यांचा संगम, कोलोन आणि माइन्झच्या अधेमधे. त्याच १८२७ साली या दोन शहरांमध्ये नियमित आगबोटी सुरू झाल्या. घोडागाडीने जो काठ हळूहळू बघावा लागे, तो आता बोटीच्या डेकवरून झरझर सरकायला लागला. १८२८ मध्ये कोब्लेन्झच्याच रोलिंग या प्रकाशकाने प्राध्यापक योहानेस आउगुस्ट क्लाइन यांचं ऱ्हाइनप्रवासावरचं पुस्तक काढलं. त्याच्या उपशीर्षकातच 'घाईच्या प्रवाशांसाठी' असं होतं. क्लाइन १८३१ मध्ये वारले, १८३२ मध्ये रोलिंगचं दिवाळं वाजलं आणि बेडेकरने ती पेढी पुस्तकासकट विकत घेतली. १८३५ ची दुसरी आवृत्ती त्याने स्वतः हात फिरवून काढली, १८३९ ची तिसरी बरीचशी नव्याने लिहिली. त्याच साली बेल्जियम आणि हॉलंड, १८४२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया, १८४४ मध्ये स्वित्झर्लंड, १८५५ मध्ये पॅरिस. ४ ऑक्टोबर १८५९ रोजी कोब्लेन्झला मृत्यू, वय ५७.

म्हणजे वीसेक वर्षांत जेमतेम पाच-सहा विषय. पण प्रत्येक विषय पुनःपुन्हा फिरून, तपासून, दुरुस्त करून. काम करण्याची ही पद्धत लेखकाची आहे, दुकानदाराची नव्हे.

शाईचा_डाग

धागा छान, पण लेखक हे जरा जास्तच होतंय. हिशेब मांडू या.

मूळ पुस्तक क्लाइनचं. 'हँडबुक' हे नाव आणि घाट लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाचा. त्याचं हॉलंड, बेल्जियम, प्रशिया आणि उत्तर जर्मनीवरचं हँडबुक १८३६ मध्ये आलं, म्हणजे बेडेकरच्या १८३९ च्या आवृत्तीच्या तीन वर्षं आधी. लाल कापडी बांधणी मरेची. प्रेक्षणीय स्थळांना चांदणीसारखी खूण देण्याची कल्पनाही बेडेकरच्या आधीची. मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज बाईंनी इटलीवरच्या पुस्तकांत चित्रांपुढे उद्गारचिन्हं द्यायची पद्धत पाडली होती, जितकं चित्र भारी तितकी उद्गारचिन्हं जास्त.

मग बेडेकरचं स्वतःचं काय उरलं?

आंबट_गोड

शीर्षक वाचून लोणच्याचा धागा समजून आत आलो. आलोच आहे तर बसतो. वाचतोय.

कागदकिडा

@शाईचा_डाग, यादी बरोबर आहे, आणि यातलं बेडेकरने काही लपवलेलंही नाही. मरेचं ऋण त्याने प्रस्तावनेत स्वतःच नोंदवलंय. पण क्लाइनचं पुस्तक आणि १८३९ ची आवृत्ती शेजारी ठेवली की काय उरलं ते दिसतं. क्लाइन इतिहासाचे माणूस. किल्ला आला की त्याची दंतकथा, मठ आला की त्याची स्थापना. प्रवाशाला धक्क्यावर उतरल्यावर पहिले प्रश्न वेगळे असतात. हमाल किती घेणार? खानावळ कुठली? किल्ल्यावर चढायला किती वेळ? परतीची बोट सापडेल का? बेडेकरने पुस्तकाचा कणा या प्रश्नांवर उभा केला आणि इतिहास त्याच्या भोवती बसवला.

मरेशी फरक आणखी वेगळा आहे. मरेच्या पुस्तकांत कवितांचे उतारे भरपूर, निसर्गवर्णन ऐसपैस. बेडेकरची वाक्यं तोडून टाकलेली. डावीकडे वळा, पूल ओलांडा, १० मिनिटांत चॅपेल, किल्ली शेजारच्या घरात. विशेषण वापरलंच तर मोजून. असं कोरडं गद्य लिहायलाही हात लागतो.

त्याने हेतूही स्वच्छ सांगून ठेवलाय: भाड्याचे नोकर, वाटाडे, दलाल, टांगेवाले यांच्या तावडीतून प्रवाशाला सोडवायचं आणि त्याला स्वतःच्या पायावर उभं करायचं. त्या काळी शहरात उतरलं की दिवसाच्या पगारावर एक भाड्याचा नोकर गळ्यात पडायचा. तो नेईल ते बघायचं, तो सांगेल त्या दुकानात जायचं, आणि त्याचं कमिशन आपल्या बिलातून जायचं. बेडेकरचं पुस्तक म्हणजे त्या माणसाला दिलेली रजा.

पायरीमोजे

वाटाण्यांची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून?

मिलानचं कॅथिड्रल, १८४० चं दशक. गिसबर्ट फोन फिंके नावाचे वेस्टफालियाचे एक सरदार छतावर जायला जिना चढत होते. पुढे एक बुटका गृहस्थ. तो ठरावीक अंतराने वास्कटाच्या खिशातून काहीतरी काढून पँटच्या खिशात टाकतोय. पुढे हॉटेलात ओळख झाली तेव्हा कळलं की हे कोब्लेन्झचे बेडेकर आणि खिशातली वस्तू म्हणजे वाटाणे.

पद्धत अशी: दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा या खिशातून त्या खिशात. वर पोचल्यावर वाटाणे गुणिले वीस, अधिक शेवटच्या वाटाण्यानंतरच्या सुट्या पायऱ्या. उतरताना तेच उलट, म्हणजे पडताळा आपोआप होतो. दोन्ही आकडे जुळले तरच छापायचे. उत्तर इटलीच्या नंतरच्या इंग्रजी आवृत्त्यांत मनोऱ्याच्या सर्वांत वरच्या सज्जापर्यंत आतून १९४ आणि बाहेरून ३०० पायऱ्या दिल्यात. एकूण ४९४. म्हणजे २४ वाटाणे आणि वर १४ पायऱ्या.

आता यात खुबी काय? सलग ४९४ मोजताना माणूस दीडशेच्या आसपास चुकतोच. धाप लागलेली असते, समोरून कोणी उतरत येतो, मध्येच सज्जा लागतो आणि दृश्य बघायला थांबावं लागतं. वीसपर्यंत मोजायला डोकं लागत नाही आणि मधे थांबलं तरी हिशेब खिशात शाबूत राहतो. चुकलंच तर वीसच्या आत चुकतं, आणि ते उतरताना पकडलं जातं.

शाईचा_डाग

गोष्ट फक्कड आहे. पण पायऱ्या मोजल्या म्हणून लेखक? मग नगरपालिकेचा ओव्हरसियरही लेखक. हलके घ्या.

डबा_नंबर_सात

ओव्हरसियरचं लिहिलेलं वाचून कोणी मिलानला जात नाही :)

लेखक-प्रकाशक वाद चालू द्या. पण ज्यांनी पुस्तक हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी ते कसं वाचायचं ते लिहितो, कारण इंटरनेटवर स्कॅन भरपूर आहेत आणि लोक उघडून लगेच बंद करतात. खालचं वर्णन साधारण १८७० नंतरच्या इंग्रजी आवृत्त्यांचं.

आकार अंदाजे १६ बाय ११ सेंमी, कोटाच्या खिशात बसेल असा. सुरुवातीची पानं रोमन आकड्यांची. भाषा, नाणी, पासपोर्ट आणि जकात, हॉटेलं, बक्षिशी, हवामान, किती दिवसांत काय बघावं, आणि इटलीसारख्या खंडांत कलेच्या इतिहासावर सबंध निबंध. इटलीसाठी तो आंटोन श्प्रिंगर या कला-इतिहासकाराने लिहिला. त्यानंतर साध्या आकड्यांची पानं सुरू होतात आणि पुस्तक मार्गांमध्ये विभागलेलं असतं. मार्ग म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याची एक वाट. डोक्यावर अंतर, गाडीला लागणारा वेळ आणि वर्गवार भाडं.

ठसे दोन आकारांचे. मोठ्या ठशात मुख्य वाट, बारीक ठशात आडवाटा, इतिहास आणि ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांच्यासाठीचा तपशील. दोनच दिवस असतील तर फक्त मोठा ठसा वाचायचा.

आकड्यांची गंमत अशी की जागेवरून अर्थ बदलतो. गावाच्या नावाआधी आकडा आला तर ते अंतर, आणि तेही मार्गाच्या आरंभापासून. मागच्या गावापासून हवं असेल तर वजाबाकी करा. बहुतेक लोक इथेच फसतात आणि म्हणतात की पुस्तकातली अंतरं चुकीची आहेत. गावाच्या नावानंतर आकडा आणि फूट आलं तर समुद्रसपाटीपासूनची उंची. माणसाच्या नावापुढे 'डी.' आणि साल असेल तर ते मृत्यूचं साल. चित्राखाली चित्रकाराचं नाव आणि असं साल दिसलं की ते चित्राचं साल समजू नये.

सुरुवातीच्या जर्मन आवृत्त्या वाचणार असाल तर आणखी दोन खड्डे. एक म्हणजे मैल. प्रशियन मैल सुमारे साडेसात किलोमीटरचा. 'दोन मैल चालत' वाचून कोणी तीन किलोमीटर धरले तर संध्याकाळ रस्त्यातच. दुसरा नाण्यांचा. कोब्लेन्झ प्रशियात, तिथे थालर चाले आणि एका थालरचे ३० सिल्बरग्रोशन. वर माइन्झला गेलात की गुल्डेन, एका गुल्डेनचे ६० क्रॉयत्सर. हिशेब ४ थालर बरोबर ७ गुल्डेन. एकाच नदीवर एकाच दिवसात दोन चलनं, म्हणून जुन्या ऱ्हाइन खंडात दर शोधताना आधी गाव कुठल्या राज्यात ते बघायचं.

निळी_दौत

वाचनखूण साठवली. हॉटेलांपुढची ती अक्षरं पण सांगा ना. आर., एल., ए. वगैरे. स्कॅनमध्ये डोकं गरगरतं.

डबा_नंबर_सात

आर. म्हणजे खोली, एल. दिवाबत्ती, ए. नोकरचाकर, बी. न्याहारी, डी. जेवण, एस. रात्रीचं हलकं जेवण. हे सगळं वेगवेगळं आकारलं जाई. मेणबत्तीसुद्धा. संध्याकाळी खोलीत दोन नव्या मेणबत्त्या लावून ठेवायच्या, पाहुण्याने दहा मिनिटं जाळल्या तरी बिलात पुऱ्या धरायच्या, ही युरोपातल्या हॉटेलांची ठरलेली युक्ती होती.

समजण्यासाठी मनानेच एक नमुना घेतो: आर. ३, एल. ½, ए. ¾, बी. १½, डी. ४ फ्रँक. खोली तीन फ्रँकांची वाटली तरी एका रात्रीची बेरीज ९¾ होते. बेडेकरने ही फोड छापली म्हणून माणूस दारातच हिशेब करू शकला. पुढे वीज आली आणि हॉटेलं एकत्र दर लावू लागली तसा एल. आणि ए. चा वापर कमी होत गेला.

पायरीमोजे

चांदण्यांबद्दल भर. एक चांदणी म्हणजे आवर्जून बघावं असं, दोन म्हणजे चुकवूच नये असं. बस. तीन कधीच नव्हत्या (पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा). चांगल्या हॉटेलांनाही चांदणी मिळायची, आणि खरी भांडणं तिथेच होती.

कारण चांदणी विकत मिळत नसे. प्रस्तावनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असे की प्रवाशांशी सचोटीचा व्यवहार हाच शिफारशीचा एकमेव परवाना आणि पुस्तकात कुठलीही जाहिरात घेतली जात नाही. शिवाय हॉटेलवाल्यांना वेगळा इशारा: आपण बेडेकरचे एजंट आहोत असं सांगत कोणी आला तर विश्वास ठेवू नका. म्हणजे असे तोतये फिरत असणारच. एका चांदणीवर मोसमाची कमाई ठरत असेल तर तोतयांचा धंदा बरकतीला येणं ओघानेच आलं.

कार्ल स्वतः नाव न सांगता उतरायचा आणि बिल भरून निघायचा. आणि प्रस्तावनेत वाचकांना विनंती असायची की चूक आढळली तर कळवा. पुढची आवृत्ती त्या पत्रांवर आणि नव्या फेरफटक्यावर बेतायची. दर बदलतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जुन्या आवृत्तीवर अवलंबून राहून नुकसान झालं तर त्याचा विश्वास उडणार, म्हणून नवी आवृत्ती लवकर काढायची. यात धंदाही होता, नाही असं नाही. पण प्रकाशकाला स्वस्त पडणारा मार्ग म्हणजे जुनंच पुन्हा छापणं.

शाईचा_डाग

ठीक. १८५९ पर्यंतचा बेडेकर लेखक, हे मान्य करायला मी आता तयार आहे. पण जगाला जो 'बेडेकर' माहीत आहे तो त्याच्या मुलांचा, हे तुम्हीही माना. कार्लने इंग्रजीत एकही मार्गदर्शक काढला नाही. चार भाषांतलं संभाषणाचं पुस्तक काढलं, ते सोडा.

पहिला मुलगा एर्न्स्ट. १८५९ मध्ये पेढी हाती घेतली, १८६१ मध्ये ऱ्हाइनचा पहिला इंग्रजी खंड काढला. म्हणजे थेट मरेच्या अंगणात. आणि त्याच वर्षी इजिप्तमध्ये उष्माघाताने गेला. मग धाकटा कार्ल, आजारपणामुळे १८७७ मध्ये बाजूला झाला. मग तिसरा, फ्रिट्झ, जो १८६९ पासूनच भागीदार होता. पेढी १८७२ मध्ये लाइपझिगला गेली ती त्याच्या काळात, आणि लाइपझिग म्हणजे जर्मन पुस्तकव्यवसायाचं ठाणं. नकाशांसाठी तिथलीच वाग्नर आणि डेबेस ही कंपनी. बेडेकरच्या नकाशांचं जे नाव आहे ते मुख्यतः त्यांच्या दगडी छपाईच्या कामाचं. खंडांची व्याप्तीही तेव्हाच वाढली: पॅलेस्टाइन आणि सीरिया १८७५, खालचं इजिप्त १८७७, लंडनचा इंग्रजी खंड १८७८, रशिया आणि ग्रीस १८८३, अमेरिका १८९३.

आणि हे खंड तज्ज्ञांनी लिहिले. पॅलेस्टाइन अल्बर्ट सोत्सिन, इजिप्त गेओर्ग एबर्स आणि नंतर गेओर्ग श्टाइनडॉर्फ. इंग्रजी बाजू जेम्स म्युइरहेड सांभाळायचे, अमेरिकेचा खंड त्यांचाच. पुढे पहिल्या महायुद्धात म्युइरहेड बंधूंचा या पेढीशी संबंध तुटला आणि त्यांच्यातूनच इंग्रजांची 'ब्लू गाइड' मालिका उभी राहिली.

मुखपृष्ठावर मात्र नाव एकच. कार्ल बेडेकर.

कागदकिडा

हे पूर्ण मान्य. फ्रिट्झच्या काळाला मी प्रकाशनच म्हणेन, आणि उत्तम प्रकाशन. फक्त एवढंच की सोत्सिन असोत की श्टाइनडॉर्फ, त्यांना साचा कार्लचा पाळावा लागे. विद्वान माणूस मंदिरावर चाळीस पानं लिहील, पण गाढव कुठे भाड्याने मिळतं ते लिहायला त्याला सांगावं लागतं.

निळी_दौत

भारतावर बेडेकर आहे ना? की तो मरेचा?

घडीनकाशा

दोन्ही आहेत. मरेचं 'हँडबुक फॉर इंडिया' १८५९ मध्ये आलं. दोन भाग, एक मद्रास आणि एक मुंबई इलाखा, लेखक एडवर्ड ईस्टविक. मुंबई इलाख्याची सुधारलेली स्वतंत्र आवृत्ती १८८१ ची. तेव्हा आपल्या भागातले जुने रस्ते आणि डाकबंगले शोधणाऱ्यांनी आधी मरे उघडावा. बेडेकर या प्रदेशात फार उशिरा आला.

'इंडियन' हा बेडेकरचा जर्मन खंड १९१४ चा. शीर्षकात क्रम असा: सिलोन, भारत, ब्रह्मदेश, मलाया द्वीपकल्प, सयाम, जावा. एवढा मुलूख एका खिशात मावेल अशा पुस्तकात कोंबलाय, त्यामुळे मुंबईसुद्धा आटोपशीर. पुस्तक आलं आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. जर्मन प्रवाशाला ब्रिटिश हिंदुस्थान बंद. पेढीने इंग्रजी आवृत्ती काढलीच नाही. म्हणून हा खंड दुर्मीळ आणि संग्राहकांत महाग. त्याच वर्षीचा इंग्रजी रशिया खंडही तसाच. तेहरान, पोर्ट आर्थर आणि पेकिंगपर्यंतचा, ४० नकाशे आणि ७८ आराखडे. तीन वर्षांत त्यातला देशच बदलला. त्यामुळे झारच्या रशियाचा गल्लीनिहाय फोटो म्हणून इतिहासकार तो आजही वापरतात.

पायरीमोजे

आता त्या तीन चांदण्या. मार्च १९४२ च्या अखेरीस ब्रिटिश विमानांनी ल्यूबेक जाळलं. बदला म्हणून जर्मनीने एप्रिलपासून एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी अशी लष्करी महत्त्व कमी पण जुन्या इमारतींनी भरलेली शहरं निवडली. जर्मन परराष्ट्र खात्याचे ब्राउन फोन श्टुम पत्रकारांपुढे बोलून गेले की बेडेकरमध्ये तीन चांदण्या असलेली ब्रिटनमधली प्रत्येक इमारत आम्ही उडवू. तेव्हापासून या हल्ल्यांना 'बेडेकर ब्लिट्झ' म्हणतात. तीन चांदण्या बेडेकरमध्ये नाहीतच. बोलणाऱ्याने पुस्तक उघडलेलं नसावं.

पेढीला यातून काही मिळालं नाही. डिसेंबर १९४३ च्या लाइपझिगवरच्या बॉम्बहल्ल्यात इमारत आणि दफ्तर जळून गेलं. कार्लच्या वेळची कागदपत्रं त्यात गेली, म्हणून त्याच्या चरित्रात फटी आहेत.

शाईचा_डाग

काही मिळालं नाही हे अर्धंच. त्याच १९४३ मध्ये या पेढीने व्याप्त पोलंडवर 'जनरलगुव्हर्नमेंट' हा खंड काढला होता, नाझी गव्हर्नर हान्स फ्रांकच्या सांगण्यावरून. काही गावांपुढे 'आता ज्यूमुक्त' असा शेरा आहे. लोक कुठे गेले ते नाही. पायऱ्या दोनदा मोजणाऱ्या माणसाचं नाव त्या मुखपृष्ठावर आहे. या धाग्यावर पेढीचं कौतुक चाललंय तर हेही इथे असू दे.

कागदकिडा

असायलाच हवं. नोंद केल्याबद्दल आभार.

पुढचं दोन ओळींत: १९४८ मध्ये कार्लच्याच वंशातल्या कार्ल फ्रीडरिश बेडेकरने पेढी पुन्हा उभी केली. लाइपझिगवरचं छोटं पुस्तक त्याच साली निघालं, पण नकाशात सोव्हिएत लष्करी मुख्यालयाची जागा दाखवली म्हणून प्रती जप्त झाल्या. १९५१ पासून मोटारप्रवाशांसाठी वेगळी मालिका. आज हे नाव मायरडुमोंट या कंपनीकडे आहे.

निळी_दौत

एक जुना बेडेकर घ्यायचा विचार आहे, इंग्रजीच. बघून घेताना काय तपासायचं?

घडीनकाशा

सर्वांत आधी नकाशे. शीर्षकपानावर 'इतके नकाशे आणि इतके आराखडे' असं छापलेलं असतं आणि अनुक्रमणिकेनंतर त्यांची यादी पानांसह असते. ती यादी समोर धरून एकेक मोजा. विक्रेता 'संपूर्ण' म्हणाला तरी मोजा, कारण तो पानं मोजतो, नकाशे नव्हे. लंडन, पॅरिससारख्या खंडांत रस्त्यांची सूची आणि मोठे आराखडे शेवटी वेगळे जोडलेले असतात. नेमके तेच हरवतात.

दुसरं, पुस्तक कापलेलं आहे का. हे वेड्यासारखं वाटेल, पण कापायची सोय मुळातच होती. जाड खंड विभागांत शिवलेला असे आणि विभागांच्या मधे पाठीला जाळीचं कापड दिसे. ते चिरलं की हवा तेवढा विभाग सुटा काढून खिशात घालता येई, सुट्या विभागांसाठी कापडी आवरणंही विकत मिळत. परिणामी आज अनेक प्रतींत मधलाच विभाग गायब असतो. पृष्ठांक सलग आहेत का ते शेवटपर्यंत बघा, नुसती सुरुवात आणि अखेर बघून फसाल.

तिसरं, लाल कापड. पाठ उन्हाने विटून गुलाबी-तपकिरी होते. उन्हापासून दूर ठेवलेली प्रत लालभडक राहते. विटलेल्या पाठीने वाचनात काही अडत नाही, पण भाव उतरवायला मुद्दा चांगला. कापडावर ओलं फडकं मारू नका, रंग सुटतो. १८५० च्या दशकाच्या मध्याआधीच्या जर्मन प्रती लाल नसतात, फिकट रंगाच्या पुठ्ठ्याच्या असतात. म्हणून 'लाल नाही म्हणजे नकली' असं समजू नका.

चौथं, आवृत्ती. शीर्षकपानावर क्रमांक आणि साल दोन्ही असतं. प्रसिद्ध खंडांची हुबेहूब पुनर्मुद्रणं झाली आहेत, १९१४ च्या रशियाचंसुद्धा, तेव्हा कागद कोरा-करकरीत आणि नकाशांवर घडीचा जीर्णपणा नसेल तर शीर्षकपानाची मागची बाजू वाचा. संग्राहक लोक हिनरिकसेन यांच्या सूचीतले क्रमांक वापरतात. जर्मनला डी, इंग्रजीला ई, फ्रेंचला एफ आणि पुढे आकडा. विक्रेत्याने तो दिला असेल तर पडताळणी सोपी जाते.

पहिल्याच खरेदीला इटली किंवा स्वित्झर्लंड घ्या. त्यांच्या आवृत्त्या खूप, प्रती खूप, किंमत त्या मानाने बेताची. इजिप्त हवा असेल तर १९२९ ची इंग्रजी आवृत्ती सर्वांत भरीव, पण ती स्वस्तात मिळणार नाही.

निळी_दौत

नकाशा घडीवर फाटला असेल तर? आतून सेलोटेप चालेल का?

घडीनकाशा

सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग काढताना छपाईसकट निघतो. आधीच लावलेली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे द्या.

फाटायची जागा ठरलेली असते. उभी आणि आडवी घडी जिथे छेदते तिथे आधी भोक पडतं. दुसरी जागा म्हणजे नकाशा पुस्तकात जिथे चिकटवलाय ती पट्टी. दोन्हींचं कारण एकच, घडी उलट्या बाजूला मोडली जाते. बंद करताना मूळ घडी आधी शोधा, मग मोडा.

छोटी दुरुस्ती घरी जमते. लागेल ते: पातळ जपानी कागद, ५ ते १० ग्रॅम प्रति चौ. मीटरचा. गव्हाचा शुद्ध स्टार्च (कणीक किंवा मैदा नव्हे, त्यातल्या प्रथिनांनी खळ पिवळी पडते आणि कसर येते). टिपकागद, पॉलिएस्टरचं पातळ, न विणलेलं (ओल आरपार जाऊ देणारं) कापड, मऊ ब्रश, वजन.

एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी. थोडा वेळ भिजवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवा, अर्धपारदर्शक झालं की उतरवा. गार झाल्यावर गाळणीतून दाबून काढा आणि पाण्याने सायीइतकी सैल करा. आधी नकाशाच्या कोपऱ्यात ओल्या कापसाने हलकेच टिपून रंग सुटतो का बघा. सुटत असेल तर थांबा.

जपानी कागदाची पट्टी कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि जोड उठून दिसत नाही. पट्टी फाटीपेक्षा दोन्ही बाजूंना ३-४ मिमी जास्त. खळ पट्टीला लावा, नकाशाला नाही, आणि पट्टी मागच्या कोऱ्या बाजूने बसवा. वर-खाली पॉलिएस्टरचं कापड, मग टिपकागद, मग वजन. पहिल्या पंधरा मिनिटांनी टिपकागद बदला, मग रात्रभर तसंच. खळ जास्त झाली तर नकाशा सुकताना आक्रसतो आणि पुन्हा घडीत बसत नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

आणि घडीच्या छेदावर एकच मोठा चौकोन लावू नका. तो ताठ होतो आणि त्याच्या कडेला नवी फाट पडते. दोन अरुंद पट्ट्या, एक उभी एक आडवी.

निळी_दौत

जपानी कागद पुण्यात-मुंबईत कुठे मिळतो?

घडीनकाशा

कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत विचारा, पण 'टिश्यू' म्हणून भलतंच देतात. अभिलेखागारांना आणि ग्रंथालयांना माल पुरवणाऱ्यांकडे ग्रॅमेज सांगून मागवलेला बरा. 'आम्लमुक्त' लिहिलेलं हवं. एक मोठा ताव घेतला तरी दहा-बारा नकाशे सहज होतात.